पिशवी तर काढली, मग आता काय काढायचं राहिलं? पित्ताशयाचा कॅन्सर, ऑपरेशन आणि पुढचा अंदाज

मावशीच्या पित्ताशयातल्या खड्यांच्या ऑपरेशननंतर सिस्टरने आमच्या हातात एक छोटी काचेची बाटली दिली. आत मिरीएवढे सात-आठ काळपट खडे. मावशीने ती बाटली महिनाभर टीव्हीशेजारी ठेवली होती, आल्यागेल्याला खडे मोजून दाखवायची. खड्यांसोबत काढलेल्या पित्ताच्या पिशवीचं, म्हणजे पित्ताशयाचं, काय झालं, हे मात्र कुणीच विचारलं नाही. डिस्चार्ज कार्डाच्या तळाशी ‘एचपीआर आठ दिवसांनी’ असं लिहिलेलं होतं. एचपीआर म्हणजे हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट, काढलेल्या पिशवीची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी. आम्ही तो विसाव्या दिवशी आणला, तोही दुसऱ्याच कामाने तिकडे गेलो होतो म्हणून. त्यात ‘अडेनोकार्सिनोमा’ हा शब्द होता. म्हणजे कॅन्सर.

मी डॉक्टर नाही. पण पुढच्या वर्षभरात फाइल घेऊन जिथे जिथे बसलो, तिथे आमच्यासारखेच गोंधळलेले लोक भेटले. पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, ते इथे क्रमाने लिहितोय. निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. त्यांना प्रश्न नीट विचारता यावेत, एवढ्यासाठी हा लेख.

आधी हा अवयव समजून घ्या

मावशीचा पहिला प्रश्न होता, “अरे, पिशवी तर काढली ना? मग आता काय काढायचं राहिलं?” प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर कळलं की पुढचं सगळं कळतं.

पित्ताशय लिव्हरच्या खालच्या बाजूला चिकटलेलं असतं. भिंत जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाडीची. आतून अस्तर, त्याखाली नाजूक थर, मग स्नायूचा थर, त्याबाहेर भुसभुशीत जोडऊती आणि सर्वांत बाहेर पातळ आवरण. पण हे आवरण फक्त पोटाच्या बाजूला असतं. लिव्हरच्या बाजूला ते नसतंच, तिथे पिशवीची जोडऊती सरळ लिव्हरला भिडते. आतड्याच्या भिंतीत असतो तसा एक मधला थरही इथे नाही. म्हणजे कॅन्सरला ओलांडायच्या भिंती कमी, आणि शेजारी लिव्हर.

आता खड्यांसाठी दुर्बिणीतून पिशवी काढताना सर्जन नेमक्या त्या भुसभुशीत थरातून वाट काढतो, कारण तिथून पिशवी सहज सुटते आणि रक्त कमी जातं. खड्यांसाठी ही पद्धत उत्तम. पण कॅन्सर स्नायूचा थर ओलांडून त्या भुसभुशीत भागात पोचला असेल, तर सर्जनची वाट कॅन्सरमधूनच जाते. पिशवी बाहेर येते आणि तिच्या मुळाशी काही पेशी लिव्हरवर राहू शकतात. शिवाय पिशवीचा निचरा ज्या लसीका ग्रंथींकडे (लिम्फ नोड) होतो, त्या पहिल्या ऑपरेशनमध्ये कुणी काढलेल्याच नसतात. मावशीच्या प्रश्नाचं उत्तर हेच: पिशवीखालचा लिव्हरचा पट्टा आणि त्या ग्रंथी.

रिपोर्टमध्ये काय शोधायचं

रिपोर्ट दोन-तीन पानांचा असतो. घाबरून शेवटची ओळ वाचण्यापेक्षा चार गोष्टी पेनाने अधोरेखित करा.

पहिली, ‘टी’ पुढचा आकडा. कॅन्सर भिंतीत किती खोल गेला, ते तो सांगतो. टी-१ए म्हणजे अस्तराखालच्या नाजूक थरापर्यंत, टी-१बी म्हणजे स्नायूपर्यंत. टी-२ म्हणजे स्नायूच्या बाहेर, पण भिंतीच्या आत. त्यात पोटाच्या बाजूला असेल तर टी-२ए, लिव्हरच्या बाजूला असेल तर टी-२बी, आणि दुसरा जास्त त्रासदायक. टी-३ म्हणजे बाहेरचं आवरण फोडून किंवा लिव्हरमध्ये किंवा शेजारच्या एका अवयवात शिरलेला. टी-४ म्हणजे लिव्हरला रक्त नेणाऱ्या मुख्य रक्तवाहिन्यांना धरलेला, किंवा दोन आणि त्याहून जास्त शेजारी अवयवांत गेलेला.

दुसरी, पित्ताशयाच्या नळीची कड. पिशवी जिथून कापली, त्या टोकाला कॅन्सरच्या पेशी आहेत की नाहीत. तिसरी, पिशवीबरोबर एखादी ग्रंथी आली असेल तर तिचं काय झालं. चौथी गोष्ट रिपोर्टमध्ये नसते, ती ऑपरेशनच्या नोंदीत असते: पिशवी काढताना फुटली का, पित्त पोटात सांडलं का, आणि ती प्लास्टिकच्या थैलीत घालून बाहेर काढली का. हे सर्जनला स्पष्ट विचारा. दोष द्यायला नव्हे, पुढच्या डॉक्टरला ही माहिती लागतेच.

‘कॅन्सरला सुरी लावली की पसरतो’ हे आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. बहुतेक बाबतीत ती अफवाच. या अवयवात मात्र त्यात एक कण सत्य आहे: पिशवी फुटून कॅन्सरच्या पेशी असलेलं पित्त पोटात सांडलं, तर त्या पोटाच्या आतल्या अस्तरावर रुजू शकतात. म्हणून सोनोग्राफीत संशय असेल तर साधं दुर्बिणीचं ऑपरेशन करून ‘बघू काय निघतंय’ म्हणणं धोक्याचं. सुरी न लावणं हा त्यावर उपाय नाही. योग्य माणसाने, पिशवी न फोडता, पहिल्याच खेपेला पूर्ण काढणं हा उपाय आहे.

टी-१ए असेल, कड स्वच्छ असेल आणि पिशवी फुटली नसेल, तर बहुधा झालेलं ऑपरेशनच पुरेसं असतं. अशा लोकांत पाच वर्षांनंतर जिवंत असण्याचं प्रमाण शंभरात पंच्याण्णवच्या पुढे सांगितलं जातं. टी-१बीबद्दल सर्जनांत थोडे मतभेद आहेत, पण तब्येत साथ देत असेल तर दुसरं, मोठं ऑपरेशन करण्याकडेच कल असतो. टी-२ आणि टी-३ला, बाकी कुठे पसरलेलं नसेल तर, मोठं ऑपरेशन हवंच.

ब्लॉक ताब्यात घ्या

हे काम कुणी सांगत नाही आणि त्यातच आठवडा जातो. लॅबमध्ये पिशवीचे तुकडे मेणात बसवून ठेवलेले असतात, प्रत्येक वडी नखाएवढी. त्यांना ब्लॉक म्हणतात. त्यातून काढलेल्या पातळ कापांच्या काचा म्हणजे स्लाइड. मोठ्या कॅन्सर सेंटरमध्ये गेलात की पहिला प्रश्न येतो, ‘ब्लॉक-स्लाइड आणलेत का?’ तिथला पॅथॉलॉजिस्ट ते पुन्हा तपासतो, आणि टी-१चा टी-२ होणं काही दुर्मीळ नाही. लॅबला अर्ज द्या, सगळे ब्लॉक मागा, संख्या रिपोर्टशी ताडून पहा, सही करून घ्या. उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण वितळतं. आम्ही कापसात गुंडाळून स्टीलच्या डब्यात नेले.

तपासण्या, आणि कोणती कशासाठी

छाती आणि पोटाचा, रंगद्रव्य देऊन केलेला सीटी स्कॅन हा पाया. लिव्हरमध्ये काही आहे का, रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत का, ग्रंथी वाढल्यात का, हे त्यात दिसतं. कावीळ असेल तर नळ्यांचा एमआरआय, ज्याला एमआरसीपी म्हणतात. पेट स्कॅन, ज्यात कॅन्सरची जागा चमकून दिसते, तो दूरवर पसरलंय का ते पाहायला. नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर जखमेची सूजही पेटवर चमकते, हे लक्षात ठेवा.

रक्तातला सीए १९-९ हा, कॅन्सरची खूण म्हणून तपासला जाणारा, आकडा घरच्यांचा जीव खातो. कावीळ असली की तो नुसत्या काविळीनेही वाढतो, आणि काही लोकांच्या शरीरात हा पदार्थ मुळातच बनत नाही. म्हणून एकट्या आकड्यावर रडू नका, नाचूही नका.

पिशवी अजून आत असेल आणि स्कॅनवर काढता येण्याजोगी गाठ दिसत असेल, तर अनेक सर्जन आधी सुईने तुकडा तपासत नाहीत. सुईच्या वाटेने पेशी पसरू शकतात, हे एक कारण. आणि तुकड्यात कॅन्सर सापडला नाही तरी संशय फिटत नाही, हे दुसरं. ऑपरेशन शक्य नसेल आणि केमो द्यायची असेल, तेव्हा मात्र तुकडा तपासावाच लागतो. पित्ताशयाला येणारी एक जुनाट, जाड सूजही हुबेहूब कॅन्सरसारखी दिसते. मोठं ऑपरेशन करून रिपोर्टमध्ये फक्त ती सूज निघाली, असंही होतं, आणि ती डॉक्टरची चूक नसते.

कावीळ हा वेगळा विषय. गाठीने पित्ताची मुख्य नळी दाबली की लघवी चहासारखी, शौच पांढरट आणि अंगभर खाज. ही रोग पुढे गेल्याची खूण असते, तरी काही निवडक रुग्णांत ऑपरेशन होतं. त्याआधी बहुधा दुर्बिणीतून स्टेंट (पित्ताची वाट उघडी ठेवणारी बारीक नळी) घालून किंवा बाहेरून लिव्हरमध्ये नळी घालून पित्त उतरवावं लागतं. स्टेंटमुळे स्कॅनवरचं चित्र गढूळ होतं, म्हणून स्कॅन आधी, स्टेंट नंतर. ताप आणि थंडी असेल तर मात्र थांबायला वेळ नसतो.

कुठे, कोणाकडे, कधी

हा कॅन्सर उत्तर भारतात, गंगेच्या खोऱ्यात बराच आढळतो, महाराष्ट्रात त्या मानाने कमी. स्त्रियांत पुरुषांच्या दोन-तीन पट. त्यामुळे आपल्या जिल्ह्यातला उत्तम जनरल सर्जनही वर्षाला असे मोजकेच रुग्ण पाहतो. परळच्या टाटा मेमोरियलच्या ओपीडीत बसलात तर बिहार, उत्तर प्रदेश, बंगालची माणसं शेजारी असतात, आणि तिथले सर्जन ही ऑपरेशनं सतत करतात. टाटाच हवं असं नाही. लिव्हर आणि पित्तमार्गाची ऑपरेशनं नेहमी करणारा सर्जन, आयसीयू, रक्तपेढी आणि ऑपरेशन चालू असताना तुकडा तपासून देणारा पॅथॉलॉजिस्ट, एवढं एका छताखाली हवं. ‘तुम्ही वर्षाला अशी किती करता?’ हे विचारायला लाजू नका. चांगला सर्जन रागावत नाही.

वेळेबद्दल: पहिल्या ऑपरेशननंतर साधारण चार ते आठ आठवड्यांत दुसरं व्हावं, असा अमेरिकेतल्या अनेक केंद्रांच्या 2017 सालच्या एकत्रित अभ्यासाचा निष्कर्ष आहे. फार लवकर केलं तर आतली सूज ताजी असते आणि लपलेला प्रसार अजून दिसत नाही, फार उशिरा केलं तर रोग पुढे जातो. म्हणजे रिपोर्ट तिसऱ्या आठवड्यात हातात आला तरी सगळं संपलेलं नसतं. आमचं ऑपरेशन सहाव्या आठवड्यात झालं.

पैशाचं आधीच बघा. महात्मा फुले जनआरोग्य योजना असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. दाखल होण्याआधी तिथे रेशनकार्ड, आधार आणि रिपोर्ट घेऊन जा, मंजुरी ऑपरेशनपूर्वी मिळवावी लागते.

ऑपरेशनच्या दिवशी आत काय चालतं

आधी बहुतेक जण दुर्बिणीने पोटात नजर टाकतात. स्कॅनवर न दिसणारे बारीक दाणे पोटाच्या अस्तरावर किंवा लिव्हरवर दिसले, तर तुकडा तपासायला देतात. कॅन्सर निघाला तर मोठं ऑपरेशन करत नाहीत. म्हणून ‘तासाभरात बाहेर आले’ ही बातमी इथे चांगली नसते. बाहेर बसलेल्या माणसाला हे आधी माहीत असलेलं बरं.

पुढे जायचं ठरलं की महाधमनीजवळच्या ग्रंथी तपासायला पाठवतात. तिथे कॅन्सर असेल तर रोग दूर गेला असं धरतात आणि थांबतात. नसेल तर मुख्य काम सुरू होतं. पिशवी ज्या खाचेत असते तिथला लिव्हरचा साधारण दोन सेंटिमीटर जाडीचा पट्टा, किंवा लिव्हरचे चौथ्या-ब आणि पाचव्या क्रमांकाचे भाग काढतात. पित्तनळी, पोर्टल शीर आणि लिव्हरच्या धमनीभोवतीच्या, शिवाय स्वादुपिंडाच्या डोक्यामागच्या ग्रंथी एकत्र काढतात. रोगाची पायरी नीट ठरवायला किमान सहा ग्रंथी तपासलेल्या असाव्यात, असं नियमावली म्हणते. शेवटच्या रिपोर्टमध्ये हा आकडा नक्की पहा.

पित्ताची मुख्य नळी सरसकट काढत नाहीत. पित्ताशयाच्या नळीच्या टोकाला कॅन्सर असेल तरच ती काढून आतडं लिव्हरच्या नळीला जोडतात. पहिल्या ऑपरेशनची दुर्बिणीची भोकं कापून काढण्याची पद्धत पूर्वी होती. त्याने आयुष्य वाढत नाही असं दिसल्यामुळे आता ती सरसकट करत नाहीत.

लिव्हरचा भाग काढला म्हटल्यावर मावशी रात्रभर झोपली नव्हती. पण निरोगी लिव्हर पुन्हा वाढतं, आणि एवढा पट्टा गेल्याने काही अडत नाही. उजवं अर्धं लिव्हर काढावं लागणार असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा उरणारा भाग पुरेल का, याचं आधी मोजमाप करतात.

वॉर्डातले आठ दिवस

बरगडीखाली मोठा आडवा छेद, पोटाच्या बाजूने एक ड्रेन, म्हणजे आतलं पाणी बाहेर काढणारी नळी, आणि लघवीची नळी. दुसऱ्या दिवशीच खुर्चीत बसवतात आणि हातात तीन गोळ्यांचं स्पायरोमीटर देतात. ते फुंकायचं नसतं, श्वास आत ओढायचा असतो. मावशी पहिले दोन दिवस फुंकतच होती. सिस्टरने तिच्या हातून घेऊन स्वतः ओढून दाखवलं तेव्हा निळी गोळी वर गेली. छातीत कफ साठून न्यूमोनिया होऊ नये म्हणून हे, दर तासाला दहा वेळा.

ड्रेनच्या पिशवीतला रंग रोज पहा. आधी लालसर, मग फिकट पिवळं पाणी, हे ठीक. हळदीसारखं गडद पिवळं किंवा हिरवट आलं तर पित्त गळतंय. बऱ्याचदा ते ड्रेन ठेवून काही दिवसांत आपोआप थांबतं, पण सिस्टरला लगेच दाखवा. पायात रक्ताची गाठ होऊ नये म्हणून पोटावर रोज एक बारीक इंजेक्शन देतात. सगळं सुरळीत असेल तर पाच ते आठ दिवसांत घरी.

घरी आल्यावर साधं जेवण, थोडं थोडं, पाच-सहा वेळा. तूप-तेल पूर्ण बंद करायची गरज नसते. उलट अंडं, डाळ, पनीर, मासे, जे चालतं ते प्रोटीन पोटात जायला हवं. थंडी वाजून ताप, डोळे पिवळे होणं, पोट फुगणं किंवा जखमेतून पित्त येणं यापैकी काहीही झालं तर त्याच दिवशी फोन करा.

गोळ्यांची केमो

शेवटचा रिपोर्ट आला: लिव्हरच्या तुकड्यात काही नाही, आठपैकी एका ग्रंथीत कॅन्सर. मग कॅपेसिटाबीन सुरू झाली. चौदा दिवस सकाळ-संध्याकाळ गोळ्या, सात दिवस सुट्टी, अशी आठ आवर्तनं, म्हणजे सहा महिने. याचा आधार ब्रिटनमध्ये झालेली ‘बिलकॅप’ नावाची चाचणी, 2019 साली प्रसिद्ध झालेली. त्यात गोळ्या घेतलेल्या गटाचं मध्यम आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याच्या पुढे जगले तो काळ) सुमारे 51 महिने आणि न घेतलेल्यांचं सुमारे 36 महिने निघालं. काटेकोर सांख्यिकीच्या कसोटीवर हा फरक थोडक्यात निसटला, तरी ऑपरेशननंतर ही गोळी देण्याची पद्धत त्यानंतर रूढ झाली.

गोळी जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत, पाण्याबरोबर. तिसऱ्या आवर्तनात मावशीचे तळहात लाल झाले, मग भेगा. पोळ्या लाटताना लाटणं धरवेना. युरिया असलेलं क्रीम दिवसातून तीनदा, मऊ चप्पल आणि गरम पाण्यात भांडी घासणं बंद, एवढ्याने निभावलं. एकदा डोस कमी करावा लागला. जुलाब दिवसात चार-पाच वेळांच्या पुढे गेले तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरला विचारा. ‘कोर्स अर्धवट नको’ म्हणून दामटू नका.

किती आयुष्य?

हा प्रश्न बाहेरच्या बाकावर विचारला जातो, पेशंटला ऐकू जाणार नाही अशा आवाजात. माझं मत, पेशंटला विचारा की त्यांना किती जाणून घ्यायचंय. मावशी म्हणाली, “आकडा नको, पुढच्या दिवाळीचं सांगा.”

आकडेच हवे असतील तर अमेरिकेतल्या नोंदींत, रोग पित्ताशयापुरता असताना पाच वर्षं जगणारे साधारण दोन तृतीयांश. ग्रंथींत किंवा शेजारी गेला असेल तर चौथ्या हिश्श्याहून थोडे जास्त. दूर पसरला असेल तर शंभरात तीनेक. हे सगळ्यांची सरासरी धरून. तुमच्या माणसाचा अंदाज मात्र काही ठरावीक गोष्टींवर बदलतो: सगळ्या कडा स्वच्छ निघाल्या का, ग्रंथींत किती ठिकाणी आहे (तीनपर्यंत एक पायरी, चार किंवा जास्त असल्यास पुढची), दुसऱ्या ऑपरेशनमध्ये लिव्हरवर उरलेला कॅन्सर सापडला का, आणि सुरुवातीला कावीळ होती का. टी-२ला मोठं ऑपरेशन केलेले आणि न केलेले यांच्यात मोठी तफावत दिसते. पिशवी काढून ‘झालं’ म्हणून घरी बसणं सर्वांत महाग पडतं ते याच पायरीला.

रोग परतला तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत. म्हणून तेव्हा दर तीन-चार महिन्यांनी तपासणी, मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी. मावशीचं तिसरं वर्ष चालू आहे.

ऑपरेशन जमणार नाही असं सांगितलं तर

आधी विचारा, ‘आत्ता नाही, की कधीच नाही?’ गाठ मोठी पण जागच्या जागी असेल तर आधी केमो देऊन, ती आटली तर ऑपरेशन, असा मार्ग असतो. टाटा मेमोरियलच्या चाचणीत केमोसोबत रेडिएशन दिलेल्या गटात नंतर ऑपरेशन शक्य होणाऱ्यांचं प्रमाण वाढलेलं दिसलं.

दूर पसरलेल्या रोगात जेमसिटाबीन आणि सिस्प्लॅटिन ही जोडी 2010 पासून मुख्य उपचार आहे. आता तिच्या जोडीला इम्युनोथेरपीही (शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारं औषध) देतात, ती महाग आहे आणि मिळणारा जादा काळ सरासरीने थोडा आहे, हे दोन्ही विचारून घ्या. तुकड्यावर हर-टू (कॅन्सरच्या पेशींवरचं एक प्रथिन) ही तपासणी करायला मात्र सांगाच. पित्ताशयाच्या कॅन्सरमध्ये काही जणांत ती पॉझिटिव्ह येते, आणि त्यांच्यासाठी वेगळी औषधं आहेत.

कावीळ उतरवायला घातलेला स्टेंट प्लास्टिकचा असेल तर साधारण तीन महिन्यांनी बदलावा लागतो, धातूचा जास्त टिकतो. तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. दुखणं असेल तर मॉर्फिनला घाबरू नका, ते शेवटच्या दिवसांचं औषध नाही, दुखण्याचं औषध आहे. त्यासोबत पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून लागतं. आणि स्टेंट असलेल्या माणसाला रात्री हुडहुडी भरून ताप आला, तर क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा.